बुडणारं बदक

डोह मिळाला की आपल्याला काय काय मिळणार, हे बूचनं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. पहिली होडी. बापाची नव्हे, दादाची नव्हे, स्वतःची. जुनी का असेना, पण तो म्हणेल तेव्हा सुटणारी आणि तो म्हणेल तिथे थांबणारी. मग घराच्या मागच्या अंगाला एक खोली, आणि खोलीला दार. त्या दाराला आतून लावायला त्यानं नदीतून दगडसुद्धा आणून ठेवला होता. गुळगुळीत, कलिंगडाएवढा, मधोमध आरपार भोक असलेला. खोलीचा पत्ता नाही आणि दाराचा दगड तयार, म्हणून आई त्याला हसायची. शेवटची गोष्ट तो कोणाला सांगत नसे. होडीच्या मालकाला कोणी बूच म्हणून हाक मारत नाही.

आणि हे सगळं मिळवून देणार होती त्याची धाकटी बहीण. त्यानं स्वतः काहीच करायचं नव्हतं. नुसता दोर धरायचा होता.

या घराचा धंदा नदीच्या तळाची वाळू काढायचा. होडी पाण्याच्या मध्यावर उभी करायची, लांब वेळू तळात रोवायचा, वेळूला धरून बादलीसकट खाली जायचं. बादली भरली की दोराला हिसका द्यायचा, वरच्यानं ओढून घ्यायची. दम संपला की वर यायचं, नाक शिंकरायचं, छाती भरायची, पुन्हा खाली. दिवस मावळेपर्यंत हेच. बाकीच्या टोळ्यांतली माणसं कमरेला दगड बांधून उतरत, कारण माणसाचं अंग तळाशी थांबायला राजी नसतं. दगड नसेल तर एका हातानं वेळू आवळून धरावा लागतो, आणि उरलेल्या एका हातानं माणूस वाळू भरणार तरी किती? पण या घरात दगड लागत नसे. बाप पाण्यात पाय सोडायचा तो सरळ तळाला. दादाचंही तेच. हाडंच तशी होती घराची. एकदा दादा वाळूच्या गाडीवरून खाली फळीवर पडला, तर फळी मोडली. ठेकेदार धावत आला, त्यानं फळीची चौकशी केली. दादाची कोणी केली नाही, दादानंही नाही.

बापाला सगळा काठ नांगर म्हणायचा. आणि नांगर बाकीच्यांना ‘दगडवाले’ म्हणायचा. दुसरा कोणी ‘चोर’ म्हणेल त्या चालीवर.

नांगरानं बायकोसुद्धा हाडं बघूनच केली होती. वरच्या अंगाच्या काठावरची, लांबच्या नात्यातली. बघायला गेला तेव्हा रंग विचारला नाही, रूप विचारलं नाही. मुलगी पाण्यात कशी उतरते तेवढं विचारलं. मूल तीन वर्षांचं झालं की तो त्याला कमरेइतक्या पाण्यात न्यायचा आणि हात सोडायचा. दादा तव्यासारखा खाली गेला. नांगरानं त्याला उचलून काठावर मिरवला. पुढे दुसऱ्या मुलाचा हात सोडला तर ते पाण्यावर आडवं पडून पाय हलवत हसायला लागलं. नांगर त्याला बगलेत मारून घरी आला आणि बायकोपुढे ठेवून म्हणाला, “घे तुझं बूच.” ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

धाकटी मात्र जन्मली तीच हातांची दोन-दोन बोटं जोडलेली घेऊन. सुईणीनं ते हात दुपट्यात झाकले, पण नांगर खूश. “बदकाचे पाय असतात तसे हात आहेत. ही पाण्यासाठीच घडवलेली आहे,” असं तो म्हणाला, आणि तिचं नाव पडलं बदक. तीन वर्षांची झाल्यावर ती अशी बुडाली, की नांगरालाच चाचपडून शोधावी लागली. “बुडणारं बदक,” तो त्या दिवशी काठावर ज्याला त्याला सांगत सुटला होता. पुढे ती वाढली ती वाढतच गेली. दादापेक्षा उंच, कपाळ पुढे आलेलं, जबडा रुंद. लग्नासाठी बघायला आलेले लोक चहा अर्धा टाकून उठत आणि वळून वळून बघत जात. विसावं लागलं तशी माणसं यायचीही थांबली. नांगराला त्याचं काही वाटलं नाही. गोठ्यात चांगला बैल राखून ठेवावा तशी त्यानं ती राखून ठेवली होती.

त्या उन्हाळ्यात नदी आटली. उथळातली वाळू संपून खालचा चिखल लागला. भरून असलेली वाळू एकाच जागी होती, कड्याखालच्या डोहात. ठेकेदारानं सांगून टाकलं, “डोह एकाच टोळीला. उतरणारी तीन माणसं हवीत. वाळू वाहायच्या दोन मोठ्या नावा लावतो. ज्यांचा पडाव आधी भरेल त्यांचा डोह.” दुसरी टोळी होती धोंड्याची. इतकी वर्षं दगड बांधून त्याच्या कमरेला बैलाच्या मानेसारखा घट्टा पडला होता, म्हणून धोंड्या. त्याच्याकडे माणसं होती. नांगराकडे तो स्वतः आणि दादा.

“तिसरा कोण?” दादानं विचारलं.

नांगरानं अंगणात भांडी घासणाऱ्या बदकाकडे बोट केलं.

“अहो, बाईमाणूस ती,” आई म्हणाली.

“बाई कोण? माझी हाडं आहेत ती.”

दाराशी बूच उभा होता. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मग नांगरालाच आठवण झाली. “तू दोर धर हिचा. डोह मिळाला तर जुनी होडी तुझी. आणि मागची खोली घाल बांधून.”

झालं. त्या शब्दावर बूच मोठा दिलदार भाऊ झाला.

सराव सुरू झाला. बदक दादाची जुनी अर्धी विजार आणि सदरा घालून उतरायची. खरंच, तिला उतरताना बघावं. आवाज नाही, शिंतोडा नाही, पाणी तिला आत घेऊन मिटायचं. खालून हिसका यायचा तो दादाच्या हिसक्याच्या आधी, आणि बादली काठोकाठ. नांगर होडीच्या टोकाला उकिडवा बसून तिला समोरून शिकवायचा, हातवारे करून. “तळाला गेल्यावर गुडघे टेक. बादली आडवी घाल. वाळू ओढ, उकरू नको.” ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मान हलवायची. एवढं मन लावून या घरात आजवर कोणी कोणाचं ऐकलं नव्हतं.

वर आली की ती कठड्याला धरून डोकं खाली घालायची.

“काय गं?” बूच विचारायचा.

उत्तर नाही.

“काय होतंय?”

नाहीच. मग तिच्या खांद्याला हात लावला की ती वर बघायची. “डोकं. जातं थोड्या वेळानं.”

“पाणी कानात बसतंय तिच्या,” नांगर खुशीत म्हणायचा. “पाणबुड्याचे कान गेले म्हणजे पाण्यानं त्याला आपला मानला. माझा एक तिशीत गेला. हिचे दोन्ही पहिल्याच महिन्यात. बघा काय माल आहे.”

ठेकेदार एकदा बघायला आला. पायात बूट, म्हणून होडीत न येता काठावरूनच बोलला. “ही उतरणार? घरातली भांडी कोण घासणार मग?” त्याच्याबरोबरची माणसं हसली. बदक काठाला पाय सोडून बसली होती. तिच्या तोंडाचा डावा कोपरा ओघळल्यासारखा खाली आणि उजवा वर. ठेकेदाराचं लक्ष गेलं. “ए, हसतेस काय गं? तुला विचारतोय, हसतेस कशाला?”

ती पाण्याकडेच बघत राहिली.

“माज आहे पोरीला,” ठेकेदार म्हणाला.

नांगर उठला आणि त्यानं सगळ्यांदेखत तिच्या पाठीत एक चापट मारली. “साहेबांना हसतेस?” ती दचकून वळली. एक डोळा पूर्ण उघडा आणि दुसरा अर्धवट. तिला कशाचा पत्ता नव्हता. ती आधी बापाच्या तोंडाकडे बघायला लागली, मग ठेकेदाराच्या, मग परत बापाच्या. बूचनं ते बघितलं आणि त्याला उगीचच दोर गुंडाळून ठेवावासा वाटला. गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

त्या दिवसापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. जेवायला बसला की अर्ध्यातून उठून दोर ओला आहे का बघून यायचा. होडीत बसला की काठावर जावंसं वाटायचं, काठावर गेला की होडीत. एक गोष्ट त्याला सारखी टोचत होती. दुपारी बदक चुलीपुढे पाठमोरी बसलेली असताना त्यानं रिकामी लोखंडी बादली तिच्या मागे दाणकन आपटली. आई ओरडली. कोंबड्या पळाल्या. बदक भाजी परतत राहिली.

“महिन्याच्या पाण्यानं एवढे कान जातात होय?” त्यानं आईला विचारलं.

“आता मला काय माहीत? बाबा म्हणतात तसं असेल.”

“लहानपणी दूध उतू जायचं, आठवतं का? ही शेजारी बसलेली असायची आणि दूध उतू जायचं. तू धपाटे घालायचीस, लक्ष कुठं असतं म्हणून.”

आईचा हात थांबला. “तेव्हा तर ही पाण्यात जातही नव्हती,” ती हळू म्हणाली. मग लगेच कडक आवाजात, “बादली उचल ती. पोचा आला असेल.”

नवा दोर आणायच्या निमित्तानं बूच बदकाला घेऊन शहरात गेला. दोराच्या दुकानाआधी दवाखाना लागत होता, असं त्यानं स्वतःलाही सांगितलं. बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड होता. बदक बसली की बाक तिच्या बाजूला झुकायचा, आणि पलीकडच्या म्हाताऱ्या बाई दर वेळी तिच्याकडे वळून बघायच्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बदकाची बोटं बघितली, कपाळ दाबलं, शीळ घाल म्हणाल्या. शिळेच्या जागी नुसती हवा निघाली. मग त्यांनी तिच्या डोक्याचा फोटो काढवला. ‘सख्खा भाऊ ना?’ म्हणून बूचचाही काढवला.

दोन्ही फोटो उजेडावर लावले. एकातली कवटी धुरकट, राखेच्या रंगाची. दुसरी पांढरीशुभ्र, चुन्यात भरून काढल्यासारखी.

“पांढरी माझी?” बूचनं आशेनं विचारलं.

“पांढरी हिची. हिची हाडं जन्मापासून भरतच चालली आहेत, थांबत नाहीत. कानाची नस, चेहऱ्याची नस अशा बारीक भोकांतून बाहेर येतात. ती भोकं बुजत आली आहेत. आतली जागाही कमी होतेय. डोकं दुखतं ते त्यानं.”

“पाण्यानं नाही?”

“पाण्याचा काही संबंध नाही. घरात जड हाडांचे कोण कोण आहेत?”

बूचनं सांगितलं. फळीची गोष्टही सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

“आई किंवा बाप, एकाच्याच बाजूनं हे आलं तर हाडं नुसती जड होतात, माणूस धडधाकट राहतो. तुझ्या दादाचं तसं दिसतंय. हिला दोघांच्या बाजूनं आलं.”

“आणि मला?”

“तुला कोणाच्याच बाजूनं नाही. तुझी हाडं अगदी साधी आहेत.”

हे वाक्य त्यानं जन्मभर ऐकलं होतं. पण ते ऐकवणाऱ्याचं तोंड वाकडं झालेलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं डोहाबद्दल विचारलं तेव्हा मात्र बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “अजिबात नाही. आधीच आत दाटी आहे. त्यात खोल पाण्यात दम कोंडायचा म्हणजे डोक्यातला दाब आणखी वाढणार. खालच्या खाली काही झालं तर कळणारही नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, कवटी उघडून जागा करून देतात. आणि लवकर न्या. कान गेलेत, आता डोळ्यांची पाळी येईल.”

परतीच्या गाडीत नव्या दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन दोघं बसली. बूच काय सांगावं याची जुळवाजुळव करत होता. बदकच म्हणाली, “मला कळलंय सगळं. तोंड दिसलं की कळतं मला.”

“मग?”

“मग काय? डोह होऊ दे. नंतर जाऊ.”

“ती काय म्हणाली ते—”

“ती म्हणाली. तू घरी म्हणू नकोस.” ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. त्याचं उत्तर तिला नकोच होतं. “बाबा आजवर पाठ करूनच बोलायचे. मला वाटायचं मला टाळतात. आता रोज समोर बसून सांगतात, असं धर, तसं सोड. एकेक शब्द कळतो मला. वीस वर्षांत पहिल्यांदा कळतोय, भाऊ. तेवढं नको काढून घेऊस.”

बूचला गलबलून आलं. आणि गलबलून येता येताच त्याला होडी दिसली, काठाला बांधलेली, हलणारी. बहिणीचा शब्द राखणं आणि होडी राखणं दोन्ही एकाच गप्प बसण्यात होत होतं. एवढा सोयीचा चांगुलपणा माणसाच्या वाट्याला रोज येत नाही. तो गप्प बसला.

पण गप्प बसणं वेगळं आणि स्वस्थ बसणं वेगळं. नवा दोर त्यानं पाण्यात भिजवला, वाळवला, पुन्हा भिजवला. दादा म्हणाला, “दोराचं लग्न आहे काय रे?” शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळे निघाले तेव्हा तो दोनदा माघारी आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं कोपऱ्यातला भोकाचा दगड उचलला आणि होडीत टाकला.

“हे काय?” नांगर म्हणाला.

“वेळूच्या बुडाला लावायला. प्रवाह आहे.”

“प्रवाह!” नांगर थुंकला. पण दगड राहिला.

कड्याखाली दोन पडाव लावलेले. ठेकेदारानं छत्री उघडून खुर्ची टाकली होती. काठावर बायका, म्हातारे, रिकामटेकडे. आईही आली होती, एका बाजूला उभी होती. धोंड्यानं कमरेचा दगड आवळत हाक मारली, “काय नांगरराव, पोरीला आणलीत? घरातलं बूच सुकलं वाटतं?”

“तू तुझा धोंडा सांभाळ,” नांगर म्हणाला.

नांगर पुढच्या पाळीसाठी वर थांबला, बदक आणि दादा उतरले, दोघांचे दोर बूचकडे. पहिल्या बादल्या बदकाच्या होत्या. सरळ खाली, हिसका, बादली. पुन्हा. नांगराचा पडाव पुढे निघाला. काठावर लोक ओरडायला लागले. ठेकेदारानं छत्री बाजूला केली. बूच ओढत होता, तळहात सोलत होते आणि प्रत्येक बादलीबरोबर होडी जवळ येत होती. खोटं कशाला बोला, त्याला मजा येत होती. तिनं एकदा वर येऊन कठडा धरला आणि तिचे डोळे त्याच्यावरून घसरून भलतीकडेच गेले. तो म्हणणार होता, बस कर. समोरून नांगर ओरडला, “चल, चल!” आणि ती गेली.

पुढचा हिसका आला नाही.

बूच थांबला. दादा वर आला, श्वास घेऊन खाली गेला. हिसका नाही. वेळू हलत नव्हता.

“थांब, भरत असेल,” नांगर म्हणाला.

“नाही.”

“थांब म्हणतो ना!”

तिच्या कमरेला वेगळा बारीक दोर होता. बूचनं तो दोन्ही हातांना गुंडाळला आणि मागे झोकून दिलं. ती येईना. घरातलं सगळ्यात जड माणूस होतं ते. त्याच्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. मग पाण्यात सदरा दिसला. दादानं खालून ढकललं आणि वरून बूच आणि नांगर दोघांनी मिळून तिला आत घेतलं. ती ओकली. नाकातून पाणी, मग श्वास. डोळे उघडे.

“बदका,” नांगर तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, “काय झालं? कशात अडकलीस?”

ती त्याच्या तोंडाच्या दिशेनं हात लांबवत होती. बोटं त्याच्या गालाला लागली, तशी ती म्हणाली, “बाबा, दिवस मावळला का?”

सूर्य डोक्यावर होता.

पलीकडे धोंड्याच्या बादल्यांचा आवाज चालूच होता. मग बूचनं सगळं सांगितलं. फोटो, भोकं, दोघांच्या बाजूनं आलेलं. इतक्या घाईनं सांगितलं की शेवट आधी आणि सुरुवात नंतर झाली. “आणि हे तुला कधीपासून माहीत?” दादानं विचारलं.

“दोर आणला तेव्हापासून.”

दादानं त्याच्या तोंडात मारली. त्या हाताची मारलेली म्हणजे काय, ते ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत. बूचला ती आवश्यक वाटली. खाऊन झाल्यावर जरा बरंच वाटलं.

नांगराचं लक्ष नव्हतं. तो मुलीच्या हाताची जोडलेली बोटं स्वतःच्या हातात धरून बघत होता. जन्मली तेव्हा बघितली होती तशीच, पण आता दुसरंच काहीतरी वाचत असल्यासारखा. “मी खूण समजलो ही,” तो म्हणाला.

होडी काठाला आणली. बूचकडून सगळं ऐकता ऐकता आईनं बदकाचं डोकं मांडीवर घेतलं. हळूहळू तिला उजेड परत दिसायला लागला, एका डोळ्यानं. तेवढं कळल्यावर सगळ्यांचं लक्ष पुन्हा पडावाकडे गेलं. धोंड्या पुढे गेला होता. ठेकेदार काठावर येऊन म्हणाला, “तिसरा माणूस नाही तर सोडा. वेळ कशाला घालवता?”

“मी उतरतो,” बूच म्हणाला.

“तू?” दादा म्हणाला. “तरंगत काढणार वाळू?”

बूचनं होडीतला भोकाचा दगड उचलून काठावर ठेवला.

नांगरानं दगडाकडे बघितलं, मग काठावर उभ्या असलेल्या सगळ्या दगडवाल्यांकडे. तीस वर्षं त्यांना तो जे म्हणत आला ते त्यांनाही पाठ होतं. कोणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं असणार. “माझ्या होडीतून दगड बांधून कोणी उतरणार नाही,” तो म्हणाला. पण आवाज निम्म्यात गेला.

“मग डोह सोडा,” आई म्हणाली. “आणि या पोरीला मोठ्या दवाखान्यात कुठल्या पैशानं नेता तेही सांगा.”

ती उठली. बदकाचं डोकं तिनं दादाच्या मांडीवर दिलं. दगड ओढून घेतला, भोकातून दोर घातला, बूचच्या कमरेभोवती दोन वेढे दिले आणि एक गाठ मारली. इतक्या झपाट्यानं, की कोणाला बघायलाही मिळाली नाही. “हे टोक हातात ठेव. वर यायचं झालं की ओढ. दगड सुटून खाली राहील, तू वर येशील. दगडाला वेगळा दोर लावलाय, हे ओढून घेतील.”

नांगर बघतच राहिला. “तुला कुठून येते ही?”

“माहेरी सगळे दगड बांधूनच उतरायचे. हाडं जड असून. दोन्ही हात मोकळे, शिवाय जीव वाचतो. लाज कसली त्यात?”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी? मी बुडते का, एवढंच विचारलं होतंत.”

नांगर वाकला. बूचच्या कमरेची गाठ त्यानं बोटानं चाचपून बघितली. दगडाला वेगळा लावलेला दोर उचलला, आणि आपल्या मनगटाला गुंडाळला. आजवर त्यानं कोणाचा दोर धरला नव्हता.

होडी पुन्हा मध्यावर नेली आणि बूच उतरला. दगडानं त्याला खाली नेलं. घरच्यांना जन्मभर जे फुकट मिळत होतं, ते त्याला पहिल्यांदा भाड्यानं मिळालं. तळ गार होता आणि अंधारा. डाव्या कानात कोणीतरी सळई घातल्यासारखं झालं, मग टिचकन काहीतरी फुटलं आणि ऊन ऊन वाहिलं. त्यानं बादली आडवी घातली. वाळू ओढली, उकरली नाही. हिसका दिला. टोक ओढलं, दगड सुटला, तो बुचासारखा वर उसळला. काठावर सगळे हसले. नांगरानं दगड ओढून घेतला होता. पुढच्या खेपेची गाठ त्यानं स्वतः मारली, वेडीवाकडी. आईनं काठावरून ओरडून ती सोडवून पुन्हा मारायला लावली.

पडाव भरला. धोंड्याच्या पडावात दोन-चार बादल्यांची जागा अजून रिकामी होती. तो कमरेचा दगड सोडत म्हणाला, “नांगरराव, आता तुम्हीही आमच्यातले.” नांगर मनगटाचा दोर सोडत राहिला.

डोह मिळाला. जुनी होडी बूचच्या नावची झाली आणि आठवड्यातच दुसऱ्याच्या नावची झाली. त्या पैशावर मोठ्या दवाखान्यात बदकाला नेलं, तिथे राहिली, तिची कवटी उघडून जागा करून दिली. काढलेला तुकडा डॉक्टरांनी स्टीलच्या ताटलीत दाखवला, फळीच्या जाडीचा. बदकानं तो उरल्या एका डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हा बुडेल का हो?” डॉक्टर ताटली पुसायला लागले. नांगर मात्र हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. मग आठवण होऊन पुन्हा तिच्यासमोर आला. आता तो कोणाशीही बोलायचं झालं तरी समोर येऊन, तोंड उघडं ठेवून बोलतो. नवख्या माणसाला वाटतं भांडतोय.

तर आता कोणी काय दिलं ते बघू. दादानं काही दिलं नाही. त्याची हाडं अजून तशीच आहेत आणि डोहाचा मोठा वाटा तोच उपसतो. फक्त बायको बघायला जाईल तेव्हा मुलगी बुडते का हे विचारायचं नाही, असं आईनं त्याला बजावलंय. नांगरानं एक शब्द दिला, ‘दगडवाले’. तो त्याच्या तोंडातून पुन्हा आला नाही. बूचनं होडी दिली, खोली दिली, डावा कान दिला. भोकाचा दगड दाराला लागायचा तो कमरेला लागला. बूच हे नाव तेवढं त्याच्याकडे राहिलं, ते कोणी परत घेतलं नाही.

बाकी उरलेलं सगळं बदकानं दिलं. दोन्ही कान, एक डोळा, अर्धं हसू. घराच्या ज्या हाडांवर बाप मिरवला, आजा मिरवला, ज्या हाडांना कोणालाच कधी काही मोजावं लागलं नव्हतं, त्यांचं सगळं एकटीनं भरलं. आणि संध्याकाळी होडी काठाला लागली की ती अजून पायऱ्यांवर येऊन बसते. बाप समोर उकिडवा बसून तिला आज तळ कसा होता ते सांगतो. तेवढं मात्र तिला मिळालं.